हुरड्याचा बेत सप्टेंबरातच ठरतो: पेरणीपासून आगटीपर्यंतची क्रमवार तयारी

नोव्हेंबर संपत आला की गावोगाव हुरडा पार्टीचे फलक लागतात. झोपाळा टांगला जातो, बैलगाडीला रंग चढतो, फोटोसाठी खाट आणि मडकी मांडली जातात. आणि ऐन रविवारी पाहुणे दारात उभे राहिल्यावर कळतं की कणीस अजून दुधात आहे, नाहीतर चार दिवसांपूर्वीच निबर झालंय. मग बाजारातून कणसांचं पोतं आणायची धावपळ. तोडून दीड-दोन दिवस झालेलं कणीस कितीही मन लावून भाजलं तरी चिवट लागतं, आणि ज्याने लहानपणी मामाच्या रानात हुरडा खाल्लाय त्याला ते पहिल्याच घासाला समजतं.

तयारी उलट्या टोकाने सुरू होते म्हणून असं होतं. आधी मंडप, मग जाहिरात, मग तारीख, आणि ज्वारी सगळ्यांत शेवटी. ज्यांच्याकडे रब्बी ज्वारीचं एक-दोन एकर रान आहे, विहिरीला बऱ्यापैकी पाणी आहे आणि शनिवार-रविवारी तीस-चाळीस पाहुणे बोलावायचा विचार आहे, त्यांनी खालच्या क्रमाने जावं. क्रम मोडला तर पुढची दुरुस्ती बहुतेक वेळा होत नाही, कारण पेरलेली ज्वारी मागे घेता येत नाही.

१. आधी कणसांचा हिशेब

किती पाहुणे, किती आठवडे, हे जुलै-ऑगस्टमध्येच कागदावर मांडा.

हुरड्याच्या चांगल्या वाणाचं भरलेलं कणीस ७० ते ९० ग्रॅम हुरडा देतं. प्रत्यक्षात सगळी कणसं तशी भरत नाहीत, काही पाखरं खातात, काही भाजताना जळतात, म्हणून हिशेबाला ५० ग्रॅमच धरा. हुरडा खायलाच आलेला माणूस पाव किलोपर्यंत सहज खातो. म्हणजे माणशी पाच कणसं. चाळीस माणसांना दोनशे, आणि वर पन्नास राखीव. शनिवार-रविवार मिळून पाचशे.

आता रान. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एका गुंठ्यात साधारण पंधराशे झाडं बसतात. त्यातली हजारच कामाची धरा. कागदावर एका शनिवार-रविवारला अर्धा गुंठा पुरतो, पण अर्ध्या गुंठ्याची पेर करू नका. लहान तुकड्यावर पाखरांचा सगळा भार एकवटतो आणि दोन दिवसांत तो साफ होतो. एका पेरीला किमान दोन गुंठे द्या. उरलेल्या कणसांची ज्वारी घरात येईल, वाया काही जात नाही.

२. वाण: मालदांडीवर भागवू नका

आपल्याकडे रब्बीचं रान म्हटलं की हात आपोआप मालदांडीकडे जातो. भाकरीला तिला तोड नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. पण हुरड्याला ती अवघड जाते. दाणा बोंडात, म्हणजे त्याच्या टरफलात, घट्ट बसतो, चोळताना सुटत नाही, आणि सुटला तरी सोबत तूस घेऊन येतो. पाहुणे दाताखालचं कुसळ काढत बसतात.

हुरड्याच्या वाणात दोन गुण लागतात. दाणा कोवळेपणी गोड हवा, आणि चोळला की बोंडातून पटकन सुटायला हवा. सुरती, गुळभेंडी, कुचकुची ही जुनी नावं त्यासाठीच टिकून आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर, तसंच परभणीच्या विद्यापीठाचं परभणी वसंत हे खास हुरड्यासाठी काढलेले वाण आहेत. पहिल्याच वर्षी असाल तर यांतला एक मुख्य ठेवा आणि बाजूला थोडी गुळभेंडी लावा. पाहुण्यांना दोन्हींची चव घेऊ दिली की बोलायला विषय मिळतो, आणि तुम्हालाही पुढच्या वर्षी काय लावायचं ते समजतं.

बियाणं ऑगस्टमध्येच हातात असू द्या. पेरणीच्या तोंडावर 'सुरती' म्हणून काहीही विकलं जातं. शक्यतो विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून घ्या, नाहीतर ज्याच्या शेतात गेल्या हंगामात तुम्ही स्वतः हुरडा खाल्लाय त्याच्याकडून.

*तपासा:* शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांत ७५ पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं बदला. हुरड्यात नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, पडल्या की आठवड्याचा सगळा हिशेब कोलमडतो.

३. पेरणी टप्प्याने, कॅलेंडर समोर ठेवून

सगळ्यांत जास्त चूक इथे होते. दोन एकर एकाच दिवशी पेरायचं आणि हुरडा दोन महिने विकायचा, हे गणित जमणारं नाही. एका पेरीचा हुरडा खाण्याजोगा राहतो जेमतेम आठवडाभर. त्याआधी दूध, त्यानंतर ज्वारी.

बहुतेक हुरड्याचे वाण पेरणीपासून ९० ते १०० दिवसांत या अवस्थेला येतात. उलटं मोजा. २० सप्टेंबरच्या पेरीचा हुरडा २४ डिसेंबरच्या आसपास येईल, म्हणजे नाताळच्या सुटीला. १५ ऑक्टोबरच्या पेरीचा १८ जानेवारीच्या पुढेमागे, संक्रांत उलटल्यावर. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा शिफारशीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर आहे. त्यातच सात-आठ दिवसांच्या अंतराने चार किंवा पाच पेरी बसवा. पाण्याची खात्री असेल तर त्यापुढे आणखी एखादी करता येते, पण थंडीत सापडलेली उशिराची पेर हळू वाढते आणि तारखा पुढे सरकतात. तिच्या भरवशावर आगाऊ पैसे घेऊ नका.

प्रत्येक पेरीच्या बांधाला खुंटी ठोका आणि तिच्यावर तारीख रंगाने लिहा. खडूने लिहिलेलं पहिल्या दवात जातं. डिसेंबरात सगळी ज्वारी सारखीच उंच दिसते आणि कोणती कधीची यावर घरात वाद सुरू होतात.

पेरणीपूर्वी बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक, ३०० मेशचं (अगदी बारीक भुकटी), चोळा. काणी या कणसाच्या बुरशीरोगासाठी एवढं पुरतं. खोडमाशीचा त्रास असलेल्या पट्ट्यात कृषी सहायकाला विचारून त्याचीही बीजप्रक्रिया करून घ्या. पेरणीनंतर पहिल्या महिन्यात पोंगा (मधला कोवळा शेंडा) सुकलेली झाडं दिसली तर ती उपटून टाका. विरळणी उशिरा करू नका, दाट ज्वारीची कणसं बोटभर राहतात.

खतापेक्षा पाण्याकडे लक्ष द्या. पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, एक पाणी आणि फुलोऱ्यात एक, ही दोन चुकली तर कणीस भरत नाही. दाणे भरताना रान अगदीच फाटलं असेल तरच हलकं पाणी द्या. तेही त्या पेरीचे पाहुणे यायच्या आठ दिवस आधी बंद करा. काळ्या रानात ओल राहिली की शहरातले बूट चिखलात रुततात आणि शिवारफेरी बांधावरच संपते.

४. फवारणीची रेघ ओढून घ्या

हुरडा धुतला जात नाही. तोडला, भाजला, चोळला, तोंडात टाकला. म्हणून कणीस बाहेर पडल्यानंतर त्या गुंठ्यांवर कसलंही रासायनिक औषध मारायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला आणि मजुरांना आधीच सांगून ठेवा. पानांवर मावा येऊन चिकटा पडला तरी ती पेर सोडून द्यायची तयारी ठेवा. एक पेर गेली तर एक आठवडा जातो. अशा वेळी चार-पाच पेरींचा उपयोग कळतो.

ज्वारीपेक्षा हरभऱ्याचा धोका मोठा आहे, आणि तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाहुणे रानात शिरले की पहिला हात टहाळाला, म्हणजे हिरव्या हरभऱ्याला जातो. घाटे भरायच्या दिवसांत घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारणी झालेली असते, कधी तुमच्या, कधी शेजारच्या. मुलं ते सोलून तिथेच खातात. त्यासाठी पाहुण्यांच्या वाटेलगत चार सऱ्या हरभरा वेगळा राखा, त्यावर काही मारू नका. अळीने निम्मे घाटे खाल्ले तरी चालेल. बाकी हरभऱ्याच्या कडेला दोरी बांधा आणि पाटी लावा. शेजाऱ्यालाही आठवडाभर आधी सांगा, शुक्रवार-शनिवारी त्याने पंप काढू नये म्हणून. त्याला चार कणसं नेऊन दिलीत तर तो आनंदाने ऐकतो.

*सावधान:* बीजप्रक्रिया केलेलं उरलेलं रंगीत बियाणं कोंबड्यांच्या वाटेत, घरातल्या धान्याजवळ किंवा मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

५. पाखरं

शिवारात तुमची ज्वारी सगळ्यांच्या आधी दुधात येणार, त्यामुळे सगळ्या शिवारातली पाखरं तुमच्याकडेच येणार. दूध भरायला लागल्यापासून तोडणीपर्यंतचे दोन-अडीच आठवडे राखण लागते. सूर्य उगवल्यापासून दोन तास आणि मावळण्यापूर्वीचे दोन तास सगळ्यांत जोखमीचे. चमकणाऱ्या फिती चार दिवस काम करतात, मग पाखरं त्यांवरच बसतात. माळ्यावर, म्हणजे राखणीच्या उंच मचाणावर, उभा राहून हाकारे घालणारा माणूस आणि गोफण यांना अजून पर्याय सापडलेला नाही. फक्त पाहुणे रानात असताना गोफण बंद.

पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी निवडलेल्या कणसांवर कापडी पिशव्या आत्ताच बांधा. नंतर चांगलं कणीस शिल्लक राहत नाही.

६. दाणा ओळखा, दिवस मोजत बसू नका

दिवसांचा हिशेब पेरणीसाठी असतो, तोडणी बोटांनी ठरवायची. थंडी, ढग आणि पाणी यांनी हुरडा पाच-सहा दिवस पुढेमागे सहज होतो.

ज्वारीचं कणीस शेंड्याकडून फुलत खाली येतं, त्यामुळे शेंड्याचा दाणा पुढे आणि देठाकडचा मागे असतो. नुसता शेंडा तपासणारा फसतो. कणसाच्या मधोमधचा दाणा काढा आणि अंगठ्याच्या नखाने दाबा.

पांढरं दूध उडालं तर कणीस कोवळं आहे. भाजल्यावर दाणा आक्रसून नुसतं साल उरेल. चार दिवस थांबा.

दूध उडत नाही, पण दाणा मळलेल्या कणकेसारखा दबतो, आत ओलसर पांढरा गर दिसतो आणि साल अजून हिरवट आहे, तर हाच हुरडा. तोंडात टाका, गोडी लगेच कळते.

नख जोर लावल्यावरच रुततं, आतून कोरडं पीठ निघतं, दाण्यावर पिवळसर-पांढरी झाक आहे, तर ते निबर झालं. ते ज्वारीला सोडून द्या. 'थोडं जास्त भाजू' असं म्हणू नका, त्याने ते आणखी कडक होतं.

ही तपासणी पाहुणे यायच्या चार दिवस आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा करा. पेरीच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी कणसं घ्या. पाटाच्या कडेची ज्वारी आणि मधली ज्वारी यांत दोन-तीन दिवसांचा फरक असतो, हा फरक तुमच्या कामाचा आहे. शनिवारी एका बाजूची तोडा, रविवारी दुसऱ्या. तोडायच्या कणसांना आदल्या संध्याकाळी सुतळीची गाठ मारून ठेवली की सकाळच्या घाईत मजूर भलतं कणीस तोडत नाहीत.

*तपासा:* पाच कणसं घरी नेऊन चुलीत भाजून, चोळून बघा. दाणा सहज सुटला आणि घरातली लहान मुलं मागून खायला लागली तरच पाहुण्यांना 'या' म्हणून फोन करा.

७. तोडणी

तोडणी त्याच दिवशी, सकाळी, दव असतानाच. आदल्या दिवशी तोडून ठेवायचा मोह मोठा असतो, कारण सकाळी हात कमी पडतात. तो टाळा, गोडी रात्रभरात उतरते. वीतभर दांडा ठेवून कापा, म्हणजे आगटीत, कणसं भाजायच्या निखाऱ्यांच्या खड्ड्यात, उलटसुलट करायला पकड मिळते. ढीग उन्हात घालू नका. सावलीत ओल्या गोणपाटाखाली पसरून ठेवा आणि पन्नास-पन्नासच्या पेंढ्या बांधा, हिशेब राहतो. सगळी अडीचशे एकदम तोडू नका. दीडशे आधी, उरलेली पाहुणे किती आले ते बघून.

वीस-पंचवीस कणसं रानात उभी ठेवा, पाहुण्यांना स्वतः तोडू द्या. हातात विळा द्यायचा तर मोठ्यांनाच, आणि शेजारी आपला माणूस उभा हवा.

*सावधान:* कणसं काढून घेतल्यावर मागे राहिलेल्या धांडाला खालून हिरवे फुटवे येतात. ते लुसलुशीत दिसतात म्हणून जनावरं सोडली तर किराळ, म्हणजे या फुटव्यांची विषबाधा, लागते. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचा विषारी अंश असतो आणि जनावर थोड्या वेळात आडवं होतं. त्या रानात गुरं चरायला सोडू नका. खाल्ल्यावर जनावर धापा टाकायला लागलं, तोंडाला फेस आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा.

८. आगटी

आगटीची जागा आधी ठरवा, पाहुण्यांची बसायची जागा नंतर. कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि वाळलेल्या पाचटापासून लांब. सकाळी वारा कुठून येतो ते दोन दिवस बघा. बसणाऱ्यांच्या तोंडावर धूर जाणार असेल तर जागा बदला.

त्याआधी वर बघा. जवळच्या झाडावर, विहिरीच्या कपारीत किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ आहे का? धुराने मोहोळ उठलं तर पन्नास माणसांना लपायला जागा नसते. मोहोळ असेल तर आगटी तिथे नकोच, शिवारफेरीही त्या बाजूने नको. पोरांनी दगड मारू नये म्हणून तिकडे एक माणूसच उभा करा.

खड्डा वीत-दीड वीत खोल आणि दोन हात लांब पुरे. जळणाला वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या. त्यांचा विस्तव शांत असतो आणि जास्त वेळ टिकतो. खाली चार तुरकाट्या (तुरीची वाळकी खोडं) लावल्या की पेट लवकर घेतं. रॉकेल, प्लास्टिक, टायर किंवा रंगवलेलं लाकूड अजिबात नको. त्याचा वास थेट दाण्यात उतरतो. पाहुणे आगटीवर यायच्या तासभर आधी पेटवा.

ज्वाळेवर कणीस धरणं ही नेहमीची चूक. बाहेरून काळं पडतं, आतला दाणा कच्चा राहतो. ज्वाळा बसू द्या, धूर थांबू द्या, गोवरीवर राखाडी थर येऊ द्या. मग कणसं निखाऱ्यावर आडवी ठेवा, वरून थोडा फुफाटा (गरम राख) ओढा, आणि दांड्याने फिरवत राहा. दोन ते चार मिनिटं पुरतात. बोंडं काळी पडतात, दाणा फुगून चकाकतो, एखादा तडतडतो. तो आवाज आला की बाहेर काढा. दाणे फुटायला लागेपर्यंत थांबलात तर लाह्या होतील.

बाहेर काढलेलं कणीस झटकून लगेच गोणपाटात घ्या आणि गरम असतानाच चोळा. गार झालं की बोंड दाण्याला धरून बसतं. तळहाताला चटका बसतो, म्हणून सवयीचा माणूसच इथे हवा. मग सुपात घेऊन पाखडा, फुंकर मारून तूस उडवा, आणि सूप थेट पानावर रिकामं करा.

तिघांची एक आगटी धरा: एक भाजणारा, एक चोळणारा, एक पाखडणारा. एका वेळी दहा कणसं आणि एका फेरीला पाच मिनिटं, म्हणजे तासाला शंभर-सव्वाशे कणसं. चाळीस पाहुण्यांना दोनशे लागतात, म्हणून एका आगटीवर शेवटचा माणूस पावणेदोन तास वाट बघतो. तीसच्या वर पाहुणे असतील तर दुसरी आगटी लागतेच. सगळं आधीच भाजून परातीत झाकून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मग घरून डबा आणलेला काय वाईट?

*सावधान:* आगटीभोवती दोन हातांवर बांबूची आडकाठी घाला. पाण्याचं पिंप आणि पाटीभर माती शेजारीच ठेवा. नायलॉनची ओढणी आणि लहान मूल यांच्यावर नजर ठेवायला एक जाणती बाई किंवा माणूस नुसता उभा राहू दे, त्याला दुसरं काम देऊ नका.

९. पानात काय आणि कधी

हुरड्यासोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, कारळ्याची किंवा जवसाची एखादी, गूळ, दही, गोडीशेव. झालं. बोरं, पेरू, उसाचं कांडं शिवारफेरीत हातात देता येतं. वीस पदार्थ मांडणाऱ्याकडे हुरडा बहुधा कमी पडलेला असतो.

चटण्या आदल्या दिवशी करून ठेवा, दही त्याच दिवशीचं. पाणी गाळलेलं आणि झाकलेलं. विहिरीचं पाणी 'आम्ही पितोच की' म्हणून पाहुण्यांना देऊ नका, उकळून गार केलेलं किंवा जारचं ठेवा. जेवण असेल तर हुरडा संपल्यावर किमान दोन तासांनी, आणि तेही हलकं: भाकरी, पिठलं किंवा वांग्याचं भरीत, ठेचा, ताक. पोटभर हुरडा खाल्लेला माणूस पुरणपोळीला न्याय देत नाही.

१०. दिवसाचा क्रम

नऊ-साडेनऊला पाहुणे. चहा, आणि लगेच तासाभराची शिवारफेरी, ऊन चढायच्या आत. साडेदहा-पावणेअकराला आगटी. साडेबारापर्यंत हुरडा. मग झाडाखाली सतरंज्या. अडीचला जेवण, साडेचार-पाचला निरोप. हुरडा आधी आणि फेरी नंतर असा क्रम लावला तर फेरीला कुणी उठत नाही.

शिवारफेरीत उंट आणि घसरगुंडीची गरज नाही. पेरींच्या खुंट्या दाखवा. पंधरा दिवसांच्या फरकाची दोन कणसं हातात देऊन दाणा नखाने दाबायला सांगा. माळ्यावर चढू द्या, एका वेळी दोघं. तुरीच्या शेंगा, करडईचे काटे, मोटार सुरू झाल्यावर पाटात येणारं पाणी, शहरातल्या मुलांना एवढ्यात तास पुरत नाही. गाईचं दूध काढताना बघायचं असेल तर वेळ गाईची, पाहुण्यांची नव्हे. गोठ्यात एका वेळी चार-पाच जणच.

बैलगाडीत किती जण बसतील हे बैलांकडे बघून ठरवा, आणि उतारावर सगळ्यांना उतरवा. विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूला फेरी नेऊच नका, दोरी बांधून वाट बंद करा. कडब्याच्या गंजीवर मुलांना चढू देऊ नका, खाली काय दडलंय सांगता येत नाही. जवळचं आरोग्य केंद्र कोणतं आणि तिथे रविवारी कोण असतं हे आधी विचारून ठेवा. १०८ क्रमांकाला रस्ता समजावून सांगणारा एक माणूस ठरलेला असावा.

शौचालय. बायकांसाठी वेगळं, कडी लागणारं, पाणी असलेलं. मंडपाचा खर्च कापून आधी हे करा.

११. कागद आणि बुकिंग

नियमित पैसे घेऊन पाहुणे बोलावणार असाल तर नोंदणी करून घ्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, आणि त्याखालची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. खाद्यपदार्थ देणार म्हणजे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणीही लागते. ग्रामपंचायतीला आधी कळवा. अरुंद पाणंद रस्त्यावर दहा गाड्या लागल्या की ऊसवाल्याचा ट्रॅक्टर अडतो आणि भांडण तुमच्या दारात येतं. गाड्यांची जागा रस्त्यालगतच्या मोकळ्या रानात ठेवा.

बुकिंग दोन पायऱ्यांत घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फक्त नाव आणि आठवडा. पक्की तारीख चार दिवस आधी, दाणा दाबून बघितल्यावर. बहुतेक लोक हे समजून घेतात. जे अडून बसतात त्यांना नम्रपणे दुसरीकडे पाठवा. अवकाळी पाऊस झाला तर भिजलेल्या कणसाचा दाणा दोन-तीन दिवसांत काळा पडायला लागतो. त्या पेरीचे पाहुणे पुढच्या पेरीवर ढकला किंवा पैसे परत करा, काळा दाणा कुणाच्या पानात घालू नका.

लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या ज्या भागात वेळ अमावस्या करतात, तिथे त्या दिवसाचं बुकिंग घेऊ नका. प्रत्येक घर आपापल्या रानात असतं, आगटीला माणूस मिळणार नाही. आणि तुमच्या घरचेही नाराज होतील.

एका पेरीचा शेवटचा पाहुणा गेला की त्याच आठवड्यात ती धांडं कापून घ्या, फुटवे यायची वाट बघू नका. हिरवी वैरण वाळल्या कडब्यात मिसळून, कुट्टी करून थोडी थोडी घाला. पिशव्या बांधलेली बियाण्याची कणसं मात्र पूर्ण वाळेपर्यंत उभी राहू द्या, आणि मळून झाल्यावर वाणाचं नाव, पेरणीची आणि पहिल्या हुरड्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बियाण्याच्या डब्यात टाका.